वाजवून निवडलेले तुकडे

शनिवार, ता. १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही इथे ठीक. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते, कारण विचारावं म्हटलं तर तू फोन उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि ‘ते भट्टीवर गेलेत’ म्हणून सांगते. भट्टीला तर आगीची चौकशी करणाऱ्यांनी सील ठोकलंय. सील ठोकलेल्या भट्टीवर तू सकाळ-संध्याकाळ काय करतोस, हे मी तिला विचारलं नाही. तिला उगाच आणखी खोटं बोलायला लावण्यात काय अर्थ? म्हणून पत्र. पत्र निदान फाडण्याआधी माणूस एकदा वाचतो.

बाबांचं सांगते. हाताच्या पट्ट्या एक दिवसाआड बदलतात. उजव्या तळव्याला नवी कातडी धरतेय, डावा अजून ओला आहे. मनगटाच्या वरचं भाजलेलं खोल नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चमचा धरता येत नाही म्हणून मी भरवते. भरवताना ते खिडकीबाहेर बघत बसतात आणि घास संपला की तोंड उघडतात. मी लहान असताना याच माणसानं मला एक घास नाटकं केल्याशिवाय भरवला नसेल. आता माझ्या हातून जेवताना त्यांना लाज वाटते. ते मला बघवत नाही, पण ते जाऊ दे.

तुझे मेहुणे त्यांच्याशी रोज संध्याकाळी पत्ते खेळतात. बाबांची पानं टेबलावर उभी करून ठेवायला त्यांनी लाकडाची एक खाच केली आहे. बाबा हरले की म्हणतात, ‘पट्ट्या सुटू देत, मग बघतो.’ तेवढ्यापुरते ते आपले जुने बाबा असतात.

काल आगीच्या चौकशीचे अधिकारी घरी येऊन गेले. बाबांना बोलवून घेण्याऐवजी स्वतः आले, माणूस बरा वाटला. मी चहा टाकायला आत गेले होते. बाहेर बाबांचा आवाज ऐकू आला. अगदी शांत, सिग्नलच्या केबिनमधून गाड्यांच्या वेळा सांगायचे तसा. ‘गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून मी सिगारेट ओढत होतो. थोटूक नीट विझवलं नसणार. पोत्यांवर पडलं.’

मी गॅस बंद करून बाहेर आले.

दादा, बाबा आणि सिगारेट? अधिकाऱ्यांनीही तेच विचारलं, घरच्यांना माहीत होतं का म्हणून. तर बाबा म्हणाले, ‘नाही. बायकोच्या धाकानं लपून ओढायचो. ती गेली तरी लपून ओढायची सवय राहिली.’ म्हणजे आईलाही मध्ये ओढलं. ती काही उलट बोलायला येणार नाही, हे सोयीचं पडलं. उभ्या नोकरीत ज्या माणसानं एक गाडी चुकीच्या रुळावर जाऊ दिली नाही, ज्याच्यावर वरच्यांना एक ठपका ठेवता आला नाही, त्यानं म्हातारपणी स्वतःच्या हातानं स्वतःवर ठपका ठेवून घेतला. सहीऐवजी अंगठाही देता येत नव्हता, म्हणून अधिकाऱ्यांनी ‘पट्ट्या सुटल्यावर कार्यालयातच या’ असं सांगितलं आणि पाच डिसेंबर, सोमवारची सुनावणी लावली. तुलाही बोलावणं आलं असेलच.

शेजारचा सुतार परवा बाजारात भेटला. त्याचं दुकान तुझ्या गोदामाबरोबर गेलं, हे मी तुला सांगायला नको. इतकी वर्षं रोज दुपारी बाबांबरोबर चहा पिणारा माणूस. मी विचारपूस करायला थांबले, तर तो म्हणाला, ‘ताई, राग तुमच्यावर नाही. पण म्हातारा आमच्यासमोर साधूसारखा राहिला आणि मागे हे धंदे?’  त्याला द्यायची उत्तरं मला घरी येऊन सुचली.

तुला एवढंच विचारायचं आहे: बाबांनी अधिकाऱ्यांना जे सांगितलं ते तुला ठाऊक होतं का? आणि दुसरं. मागच्या रविवारी मी बाबांचे कपडे न्यायला आले होते, तेव्हा घरामागच्या भिंतीला लावून ठेवलेली कोळशाची पोती पाहिली. ती आगीतून वाचलेल्या मालातली आहेत ना? याच मालातली पोती रोपवाटिकेच्या मालकाकडेही गेलीत, असं वहिनी म्हणाली. ती सगळी मोकळी करून पातळ पसरून ठेवायला सांग. कारण विचारू नकोस, सांग फक्त.

वहिनीला म्हणावं, बाबांचा वाचायचा चष्मा तुमच्याकडेच राहिलाय, तो पाठवून दे. तुझ्या उत्तराची वाट पाहते.

तुझी बारकी

---

गुरुवार, ता. २४ नोव्हेंबर

दादा,

‘प्रिय’ वगैरे आज राहू दे. चष्मा आला, उत्तर आलं नाही. तू मूग गिळून बसलास, तर मीच बोलते.

आधी तुझ्या घरामागच्या त्या पोत्यांविषयी. त्या रविवारी बाबांच्या कपड्यांखाली माझ्या पिशवीत एक पत्र्याचा डबा होता. तू जेवून झोपला होतास. मी भिंतीजवळचं एकेक पोतं उघडलं, प्रत्येकातून वरचा, मधला, तळाचा माल काढला, सगळा प्लॅस्टिकवर ओतून कालवला, ढीग केला, ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, दोन परत टाकले, आणि हे डबाभर होईपर्यंत करत राहिले. नमुना असा घेतात, दादा. नमुना म्हणजे ढिगाची खरी गोष्ट. तू दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेला पाठवलास तो नमुना नव्हता. तो कसा तयार झाला, हे वहिनीनं मला त्याच रविवारी भांडी घासता घासता सांगितलं, आणि तेही कौतुकानं! ‘तुझ्या लॅबला पाठवायचा म्हणून ह्यांनी दोन दिवस चादर पसरून एकेक तुकडा चमच्यानं वाजवून बघितला. खणखणीत वाजेल तोच डब्यात. बाकीच्याला हातसुद्धा लावू दिला नाही मला.’

मी हसावं की रडावं? तुझा मान म्हणून तू निवडलंस, एवढं मला कळतं. बहीण तिथे नोकरी करते, तिची मान खाली जायला नको. पाहुण्यासमोर चांगला कप काढावा तसा तू चांगला कोळसा काढलास. भट्टीच्या पोटातला, सगळ्यात नीट शिजलेला. नात्याचा विषय म्हणून मी त्या डब्याला हात लावला नव्हता, दुसऱ्यानं तपासला. आकडे असे आले की आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, तुमचे भाऊ भट्टी लावतात की पूजा मांडतात? मी आठवडाभर मान ताठ करून फिरत होते. आणि तू तो दाखला चौकटीत घालून भिंतीवर लावलास, आणि त्याच्या जोरावर आलेल्या मागणीसाठी माल काढलास तो असला!

असला म्हणजे कसला, ते आता ऐक. तू पाहुण्यांना ‘कोळसा म्हणू नका, बायोचार म्हणा’ असं बजावतोस, म्हणून बायोचारचंच सांगते. तो मातीत घालायचा आणि शेकडो वर्षं तिथे टिकायला हवा, हवेत परत जायला नको, हीच त्याची सगळी किंमत. टिकतो का, ते बघायची एक सोपी खूण आहे. कार्बनच्या शंभर कणांमागे हायड्रोजनचे किती कण उरलेत? नीट शिजलेल्यात तीस-पस्तीस. तुझ्या वाजवून निवडलेल्या तुकड्यांत चौतीस होते. सत्तरच्या वर गेलं की त्याला आम्ही बायोचार म्हणतच नाही. तुझ्या भिंतीजवळच्या पोत्यांत ब्याण्णव निघाले. ते काळं केलेलं लाकूड आहे, दादा. झाकणाच्या मुशीत घालून तापवलं तर जवळजवळ निम्मं वजन धूर होऊन निघून गेलं. तुकडा मोडला की आत तपकिरी दिसतं, बोटाला तेलकट लागतं, वास येतो. तू भट्टी लवकर उघडलीस. एका दिवसात दोन घाणे काढलेस, आणि पसरून, पाणी मारून, आठवडाभर उघड्यावर थंड होऊ द्यायचं सोडून कोमट माल पोत्यांत भरून गोदामात थप्पी लावलीस.

असला माल हवेतला ऑक्सिजन ओढतो आणि तापतो. पातळ पसरला तर ऊब निघून जाते. थप्पीच्या मध्ये कोंडला तर ती जाणार कुठे? तिथे वाढत राहते, आणि वाढली की आणखी भराभर ओढतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी मुख्य बाईंकडे जाऊन नातं सांगितलं, माल कुठून आणला तेही सांगितलं. त्यांनी चाचणी दुसऱ्याच्या हातून करवली आणि मला फक्त काचेतून बघायला ठेवलं. जाळीचा एक चौकोनी पिंजरा असतो, तळहातात मावेल एवढा. त्यात कोळसा भरायचा, पोटात तापमान मोजणारी तार खोचायची आणि ओव्हनमध्ये एकशे चाळीस अंशांवर ठेवून द्यायचं. तुझे ते जुने निवडक तुकडे आमच्याकडे राखून ठेवलेले होते. आधी ते ठेवले. पोटातलं तापमान ओव्हनइतकं झालं आणि तिथेच राहिलं, दुसऱ्या दिवसापर्यंत. मग पोत्यातला माल ठेवला. एकशे चाळीस झालं आणि थांबलंच नाही. दीडशे. एकशे सत्तर. बाहेर ओव्हन तेवढाच आणि आतला आकडा आपला आपण चढतोय. आमच्यातला एकजण म्हणाला, ‘याला कोणी काडी लावली?’ दोनशेच्या पुढे गेल्यावर ओव्हन बंद केला आणि पिंजरा बाहेर काढून वाळूत पुरला. मी हात धुवायला गेले आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिले.

काडी कोणीच लावली नव्हती. तुझ्या गोदामातही.

आता बाबांचं. मला वाटलं होतं, हे लिहायला लागणार नाही. परवा मी कामावरून लवकर आले. बाबा गॅलरीत पाठमोरे बसले होते आणि खोकत होते. पट्टीतून बाहेर आलेल्या उजव्या हाताच्या दोन बोटांत सिगारेट. पेन्सिल धरावी तशी धरलेली. एक झुरका घ्यायचे, डोळे पुसायचे, खोकला आवरायचे, पुन्हा तोंडाला लावायचे. शेजारी बशीत तीन थोटकं. मी म्हटलं, ‘बाबा, हे काय?’ तर चोरी पकडल्यासारखे दचकले, आणि मग मलाच दटावतात, ‘सुनावणीत विचारलं, ओढून दाखवा, तर? तोंडावरून कळतं माणसाच्या.’

सत्तरी उलटल्यावर तुझा बाप सिगारेट ओढायला शिकतोय, दादा. खोटं खरं वाटावं म्हणून घरचा अभ्यास करतोय. गोदामात धूर दाराशी नाही, थप्पीच्या मधून निघत होता, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. त्यातलीच पोती ओढून काढताना त्यांचे हात भाजले. त्यांना कोणी सांगायची गरजच नाही.

मी त्यांच्यासमोर सगळे आकडे मांडले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. आणि मग काय म्हणाले, ते लिहायला मला दोन दिवस लागले. म्हणाले, ‘तुझं सगळं मार्गी लागलंय. त्याचं भट्टीशिवाय काय आहे? परवाना गेला की तो उठायचा नाही. तू शहाणी आहेस, शहाण्यासारखी गप्प बस.’ आणि दोन्ही पट्ट्या बांधलेले हात माझ्यापुढे जोडले. मला जोडले. मी ते खाली करायला गेले तर दुखलं त्यांना.

तुझ्यावरचा राग मला झेपतो. तुझ्यावर मी लहानपणापासून रागावत आले आहे, त्याची सवय आहे. पण या राहत्या घरात, मी भरवते तो घास खाऊन, माझ्याच गॅलरीत बसून ते तुझ्यासाठी खोटं पाठ करतात आणि मला शहाणपणाची भीक मागतात, यावर जो राग येतो तो कुठे ठेवू? मार्गी लागलेल्या मुलीनं खरं बोलू नये, हा कुठला न्याय? परीक्षेत माझा पहिला नंबर आला की ‘तिचं काय, ती हुशारच आहे’ आणि तू कसाबसा पास झालास की घरात आनंद. तेव्हा मी हसून सोडून द्यायचे. आता हसू येत नाही.

रोपवाटिकेच्या मालकाला मी फोन केला. पोती पसरून ठेवा म्हटलं. तो म्हणाला, ‘अहो, तुमच्या दादांनी स्वतः सांगितलंय, माल एक नंबर आहे, आग वडिलांच्या सिगारेटनं लागली. दाखल्याची प्रतही दिलीय.’ म्हणजे बाबांचं खोटं तू नुसतं चालवून घेतलं नाहीस, तू ते विकायलाही काढलंस! त्याची पोती त्याच्या माळ्याच्या खोलीला लागून ठेवली आहेत. माळी, त्याची बायको, दोन मुली तिथे झोपतात. सिगारेटचं ठरलं की त्या पोत्यांकडे कोणी ढुंकून बघणार नाही. हे तुला माझ्याइतकंच कळतं.

तर आता नीट वाच. सोमवारी, पाच तारखेला, तू उठून सांगायचं. भट्टी लवकर उघडली, माल कोमट भरला, नमुना निवडून पाठवला. एवढंच. परवाना काही महिने जाईल, कदाचित वर्षभर. मी तुला भट्टी नीट कशी लावायची ते स्वतः उभी राहून दाखवेन, रजा काढून येईन. पण सांगायचं तू. बाबांना मी शब्द दिलेला नाही. तू नाही उठलास, तर मी उठेन.

बारकी

---

बुधवार, ता. ७ डिसेंबर

दादा,

बाबा तुझ्याकडे आहेत, म्हणून आधी त्यांच्या हाताचं. डाव्या तळव्याला पांढरं मलम, दिवसातून दोनदा, पातळ. वहिनीला म्हणावं, पट्टी घट्ट बांधू नकोस, बोटं निळी पडतात. ते ‘बरं आहे, बरं आहे’ म्हणतील, त्यावर विश्वास ठेवू नका. मलमाची नळी आणि गोळ्या या पत्राबरोबरच पाठवते. ते निघाले तेव्हा काही घेतलंच नाही त्यांनी, पत्तेसुद्धा.

दुसरं. रोपवाटिकेतली पोती काल उघडली. अधिकाऱ्यांनी मध्ये तार खोचली तेव्हा बाहेरून गार लागणारी थप्पी आत हात ठेवता येणार नाही इतकी तापलेली होती. माळ्याच्या बायकोनं सांगितलं, गेले काही दिवस खोलीची ती भिंत उबदार लागायची, थंडीत बरंच वाटायचं म्हणून मुलींना ती भिंतीजवळ झोपवायची.  आता सगळं अंगणात पसरलंय. चौकशीत लिहून झालं: आग मालाच्या आतून लागली. बाबांचं नाव कारणात नाही. सुताराला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, ‘मी त्यांना काय काय बोललो,’ आणि रंधा हातात घेऊन उगाच फिरवत राहिला.

म्हणजे सगळं ठीक झालं, असं कागदावर दिसेल. आता सोमवारचं बोलू. तू तिथेच होतास, पण तू कुठे बघत होतास ते मला माहीत आहे, म्हणून तुला सांगावं लागेल.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशातून सिगारेटचं पाकीट मुद्दाम अर्धं बाहेर ठेवलं होतं. अधिकाऱ्यांनी त्यांचा जबाब वाचून दाखवला. सुताराच्या दुकानाचं नुकसान झालं, ते वाक्य आलं तेव्हा बाबांनी मान खाली घातली. लोक मागून कुजबुजले, ‘या वयात.’ मग अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘सही घेण्याआधी कोणाला काही सांगायचं आहे?’

मी तुझ्याकडे पाहिलं. तू चष्मा काढून पुसत होतास. एक काच पुसलीस. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. चष्म्यावर पुसण्यासारखं काहीही नव्हतं, दादा. मी थांबले. खरंच थांबले. अधिकाऱ्यांनी पेन बाबांच्या बोटांत अडकवायला पुढे केलं, बाबा ते धरायला धडपडत होते, आणि तू चष्मा डोळ्यांवर ठेवून पुन्हा काढलास. तेव्हा मी उठले.

आकडे सांगताना माझा आवाज चढला, हे मान्य. राग असा दाबून ठेवला की आवाजात उतरतो. दोन्ही नमुन्यांचे निकाल मी टेबलावर ठेवले, निवडलेल्याचे आणि ढिगाचे. गोदामात काय झालं ते सांगितलं. मग म्हटलं, ‘माझ्या वडिलांनी जन्मात सिगारेट ओढलेली नाही.’

आणि बाबा उठले. अंगात कधी नव्हता एवढा जोर आणून म्हणाले, ‘साहेब, ती खोटं बोलतेय. बहीणभावांचं पटत नाही, म्हणून त्याला बुडवायला निघालीय.’

 दादा, मला आजवर कोणी काय काय म्हटलं असेल. भांडकुदळ म्हटलं, फटकळ म्हटलं, चिकट म्हटलं. खोटं बोलतेय असं कोणी म्हटलं नव्हतं. ते पहिल्यांदा म्हटलं ते माझ्या बापानं, चारचौघांत, मी त्यांचं नाव धुवायला उभी असताना. आणि ते म्हणत असताना तू त्यांच्या शेजारीच बसला होतास. ‘बाबा, असं नका म्हणू,’ एवढे चार शब्द. त्यानं तुझा परवाना काही जास्त गेला नसता.

तरी मी त्यांना घरी न्यायला म्हणून बाहेर व्हरांड्यात थांबले. ते तुझ्या गाडीकडे चालू लागले. मी आडवी गेले. वाटलं होतं, ओरडतील. ओरडले नाहीत. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, ‘तो उठला असता. तू एक मिनिट दम काढायला हवा होतास. तो उठला असता.’

मला तिथेच उलगडलं. ते तुला झाकत होते, हे खरं. पण त्याहून जास्त ते तुझी वाट बघत होते. बाप माझ्यासाठी ठपका घेतोय, हे बघून शेवटच्या क्षणी मुलगा उठेल, असं धरून ते सिगारेटी ओढत खोकत होते. पेन बोटांत धरताना ती सगळी धडपड दुखण्यामुळे नव्हती. ते वेळ काढत होते. तुझ्यासाठी. आणि मी त्यांचं ते मिनिट हिसकावून घेतलं, असं त्यांना वाटतं. माझ्यावरचा त्यांचा राग परवान्याचा नाहीच.

सोमवार रात्रीपासून मला नीट झोप नाही, तुझ्यावर चिडून. मी बरोबर केलं. त्या माळ्याच्या मुली भिंतीजवळ झोपत होत्या, मी आणखी दहा वेळा तेच करेन. तू माझ्यावर रागावला असशील तर रागव, मला काडीचा फरक पडत नाही. माफी मागायची असेल तर सुताराच्या दारात जा, मला पत्र लिहू नकोस. भट्टीवर उभी राहून दाखवेन म्हटलं होतं, ते आता विसर. शिकायचं असेल तर दुसऱ्या कोणाकडून शीक.

फक्त एक काम तुला करायला सांगते, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही. आज जेवताना, बाबांना घास भरवताना (तूच भरव, वहिनीवर ढकलू नकोस), त्यांना सांग की तू उठणारच होतास. खुर्ची मागे सरकवली होती, मीच घाई केली, असं सांग. ठामपणे सांग, त्यांच्याकडे बघून, चष्म्याला हात न लावता. त्यांना तेवढं मिळालं पाहिजे. मग ते माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल.

ते खोटं असलं, तर मी ते तपासायला घेणार नाही. आयुष्यात हा एक नमुना मी न उघडता ठेवून देईन. आणि दादा, ते खरं असलं, तर मात्र मला कधीही कळवू नकोस.

राग आहे तसाच ठेवून,
तुझी
बारकी